चौथ्या दिवसाचं पाणी

अक्का, तुम्ही गेलात त्या दिवशी लातूरला नळ आला होता. आठवड्यातून एकदाच येतो, तोही तासाभरासाठी, आणि नेमका त्या सकाळी आला. स्मशानातून परतलेली पंधरा-वीस माणसं आंघोळीला ओळीनं उभी राहिली आणि कुणालाही पाणी कमी पडलं नाही. माझा सुधाकर म्हणाला, "मोठ्या आईनं दिवससुद्धा बघून धरला." त्याही स्थितीत दोन-चार माणसं हसली. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावून बसले.

आज तेरावा. दुपारची पंगत उठली, पाहुणे जागा मिळेल तिथं आडवे झालेत, आणि मी तुमच्या खोलीत तुमच्याच खाटेवर लिहायला बसले आहे. दार लोटून घेतलंय. उघडलं की कुणीतरी येऊन विचारतं, "काकू, शेवटी काय बोलल्या हो त्या?" मी सांगते, देवाचं नाव घेतलं. खोटं आहे ते. जायच्या आठ दिवस आधी, असाच नळ आलेला असताना, तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत आणि मला त्यावर एक शब्द बोलता आला नाही. जवळजवळ पन्नास वर्षं आपण दोघी जावा एका घरात राहिलो. भांडलो, अबोला धरला, पुन्हा बोललो. पण मला उत्तर सुचलं नाही असं तेवढं एकदाच झालं. ते उत्तर द्यायला बसले आहे, आणि त्यासाठी मला मनानं नांदेडच्या घरात परत जावं लागेल.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. निजामी जायला टेकली होती, पण गेली नव्हती, आणि जाता जाता काय होईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. आपल्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, फर्मान काढलं की घरातल्या बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. दाराला दिवसाही अडसर, रस्त्याकडच्या खिडक्यांना आतून गोणपाट. मी सोळा वर्षांची, नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण औशाला जायचा रस्ता धड नव्हता. वडील मला न्यायला निघाले आणि लातूरहूनच परत गेले. मी त्या घरात अडकले ती अडकलेच. गोदावरी आपल्या दारापासून दहा मिनिटांवर होती. वारा तिकडून आला की ओल्या वाळूचा वास यायचा, आणि घरात पाच माणसांना मिळून सहा घागरी पाणी.

घरामागचा आड चैत्रातच कोरडा पडला होता. पाणक्या भिऊन मुदखेडकडं आपल्या गावी निघून गेला. राहिले दोघे भाऊ. तुमचे मालक, थोरले दादा, कचेरीत कारकून आणि आमचे हे मास्तर. ज्यांनी जन्मात स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला नव्हता ते दोघे तांबडं फुटायच्या आत खांद्यावर घागर घेऊन नदीवर जायला लागले. तीन-तीन खेपा होईपर्यंत उजाडायचं, आणि उजाडल्यावर जायचं नाही असं ठरलेलं. थोरले दादा भिजलेल्या धोतरानं ओसरीवर असे बसायचे की जणू गंगा त्यांनीच खाली आणली. तुम्ही माझ्या कानाशी म्हणायचात, "लई तकलीफ झाली असंल. बारा वर्षं झाली मी आडाचं वढायले, मला कुणी विचारलं न्हाई." हे त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

त्या पाण्याची मालकीण तुम्ही. त्यातली एक बिंदगी, म्हणजे छोटी घागर, आत्याबाईंच्या सोवळ्याची. ती सोडून बाकी सगळं तुमच्या हाताखाली. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलेलं आणि त्याची गाठ तुमचीच. पाणी वरून प्यायचं, कारण भांड्याला ओठ लागला की ते धुवायला पाणी जातं. जेवायला पळसाच्या पत्रावळी. ताटं पालथी घालून ठेवलेली. भांडी कोरड्या राखेनं घासून पुसायची आणि मग एकाच पाण्यातून काढायची, आधी दुधाचं पातेलं आणि सगळ्यांत शेवटी तवा. तांदळाचं धुवण डाळीला. आंघोळ मोठ्या परातीत बसून करायची, म्हणजे अंगावरून उतरलेलं पाणी पुन्हा हाती राहतं. त्यात कपडे खळबळायचे आणि उरलेलं सारवणाला. "घरात आलेलं पाणी चार कामं केल्याबिगर बाहेर जाऊ द्यायचं न्हाई," असं तुमचं म्हणणं. मला भारी राग यायचा. माणसं कोंडलीत तेवढं पुरे नाही का, पाण्याला तरी कशाला कोंडता, असं मी एकदा फणकाऱ्यानं बोललेही. तुम्ही हसलात आणि माझ्या तांब्यातलं अर्धं पाणी काढून घेतलंत.

मग सुधाकर झाला. बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी, बाळाला वेगळं, लंगोट धुवायला वेगळं. सहातल्या अडीच घागरी माझ्याच अंगावर जायला लागल्या. माझ्या आईनं जे केलं असतं ते सगळं तुम्ही केलंत. तेल चोळलंत, शेक दिलात, सुधाकरला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंत. बारा वर्षांत कूस न उजवलेल्या बाईनं बाळंतिणीचं करावं हे आत्याबाईंच्या मनाला येत नव्हतं, पण दुसरं होतं कोण? त्यांनी थोरल्या दादांसाठी नायगावकडची एक मुलगी बघून ठेवली होती, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. रस्ते मोकळे झाले की बोलणी व्हायची होती.

आपल्या घरात बाई महिन्याची बाजूला बसली की चार दिवस मागच्या खोलीत. कशाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा दुसरीनं वरून ओतायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन लुगडं, अंथरूण, पांघरूण सगळं धुवून काढल्यावर ती घरात घ्यायची. त्या एका दिवसाला दोन घागरी तरी जायच्या. सुधाकर दहा दिवसांचा होता तेव्हा तुमची पाळी आली, आणि तुम्ही बाजूला बसला नाहीत.

मला कळलं ते न्हाणीत. माझ्या आंघोळीचं परातीतलं पाणी कोपऱ्यात नेऊन तुम्ही काहीतरी खळबळत होतात, आणि मोरीकडं जाणारं पाणी तांबूस होतं. मी बघतच राहिले. त्या सकाळी देवापुढचं निरांजन तुम्ही लावलं होतंत. स्वयंपाक तुमच्या हातचा होता.

"अक्का, तुम्ही..."

"काय बघायलीस? पाठ कर इकडं."

"पाप लागंल की."

"लागू दे. दोन घागरी मी डोक्यावर वतून घेतल्या तर तुला काय वतू? पाण्याला काय कळतंय, कोण बाजूला बसलंय आन् कोण न्हाई."

त्यावर मी म्हणाले, "माझ्या लेकराला काही झालं तर?" तुमचा हात थांबला. मग तुम्ही पुन्हा तांब्या भरलात आणि माझ्या पाठीवर ओतायला लागलात, नेहमीसारखं, हळू, एक थेंब परातीबाहेर जाऊ न देता. मी कधी माफी मागितली नाही. पुढं कित्येकदा मनात आलं, पण वाटायचं, तुम्ही विसरला असाल, खपली कशाला काढायची.

आत्याबाईंचे गुडघे गेले होते, बोटं शाबूत होती. त्यांनी मोजलं. सुधाकर दीड महिन्याचा झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की थोरली दोन महिने बाजूला बसलेली नाही. त्यांनी तुम्हाला बोलावून हातावर गुळाचा खडा ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. तुम्ही तो खडा धरून तशाच उभ्या राहिलात. खरं सांगावं तर विटाळात देवाला शिवल्याचं कबूल करायचं, आणि मग नायगावच्या मुलीला कोण अडवणार? न सांगावं तर नसलेलं पोट घेऊन घरभर वावरायचं, तेही कुठवर? तुमच्यासाठी कुठलंच दार उघडं नव्हतं. मी बोलले असते तर कदाचित एखादं उघडलं असतं. "त्यांनी माझ्या न्हाण्यासाठी केलं," एवढंच म्हणायचं होतं. मी बोलले नाही. आत्याबाई रागावल्या तर माझंच कढत पाणी बंद होईल, अशी भीती मला वाटली. सोळाव्या वर्षी माणूस किती आपमतलबी असतो ते मला माझ्यावरून माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आता वो कसं करायचं?" तुम्ही म्हणालात, "बघू." मी धरून चालले की दुसऱ्या महिन्यातही तुम्ही पहिल्यासारखंच लपवलंत. विचारायची गरजसुद्धा वाटली नाही.

आत्याबाईंनी तुम्हाला रोजचा एक तांब्या जास्तीचा बांधून दिला आणि जड उचलायला मनाई केली. तुम्ही कैरी मागून खायला लागलात. सकाळी चूल पेटली की तोंडाला पदर लावून मोरीकडं धावायचात. मी मनात म्हणायची, काय सोंग वठवायला लागल्यात बाई. एकदा आत्याबाईंच्या पाठीमागून मी तुम्हाला डोळाही मारला. तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत.

मग ज्येष्ठातली ती सकाळ. दोघे भाऊ पाणी घेऊन आले आणि तेवढ्यात कचेरीतून थोरल्या दादांना ताबडतोब या म्हणून बोलावणं आलं. काय काळ होता तो. एकट्यानं जायला नको म्हणून हेही बरोबर गेले. रोज ते घागरी आत रांजणापर्यंत आणून द्यायचे, त्या दिवशी सहाही ओसरीवरच राहिल्या. आत्याबाई पूजेला बसल्या होत्या. मी माजघरात सुधाकरला पाजत होते. तुम्ही घागरींकडं बघितलंत, मग माझ्याकडं.

"कुसुम, जरा येतीस का? दोघी मिळून आत घेऊ."

मी आवाज खाली करून हसत म्हणाले, "घ्या की तुम्हीच. तुम्हाला काय झालंय?"

तुम्ही पदर खोचलात. मग पहिली घागर कमरेवर घेतलीत. मी तिथं बसून सहा वेळा तुम्हाला माझ्यासमोरून जाताना बघितलं. शेवटच्या वेळी तुम्ही भिंतीला हात लावून उभ्या राहिलात, आणि मी सुधाकरला दुसऱ्या बाजूला घेतलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत की गेलं. मला वाटलं, चला, सुटल्या एकदाच्या, चांगली युक्ती काढली. आत्याबाई चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्या चिडल्या नाहीत. रडल्या, आणि हुकूम केला की थोरलीला दहा दिवस बाळंतिणीसारखं कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. पाणी कमी पडलं तर त्यांच्या सोवळ्याच्या बिंदगीतलं घ्यायचं. ओतायला मी. वाचवलेल्या दोन घागरींच्या कितीतरी पट पाणी तुमच्यावर ओतलं गेलं आणि मी आतल्या आत चडफडत होते. तुम्ही परातीत गुडघ्यांत डोकं घालून बसायचात. पाण्याखाली तुमचे खांदे हलायचे. मी तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "अक्का, पुरे आता. आत्याबाई तिकडं गेल्या."

तुम्ही डोकं वर केलं नाहीत. "वत," म्हणालात, "सांडायलीस तू."

नायगावची गोष्ट मागं पडली. एकदा राहिलं म्हणजे पुन्हा राहील, असं आत्याबाई म्हणायच्या, आणि वाट बघता बघता त्याच गेल्या. थोरल्या दादांनी दुसरं लग्न केलं नाही. तुम्हाला पुन्हा काही राहिलं नाही. सुधाकर तुम्हाला मोठी आई म्हणत तुमच्या मागं मागं वाढला आणि आपण सगळे लातूरला आलो.

आणि आपण हसायला लागलो. खरं तर मी लागले. त्या उन्हाळ्याला मी नाव ठेवलं होतं, "अक्कांचं पाण्याचं पोट." भांडी घासताना, पापड लाटताना, कुणाच्या डोहाळजेवणाहून परत येताना मी हळूच म्हणायची, "दोन घागरी वाचवायला गेल्या आणि सवत परतवून आल्या." तुम्हीही हसायचात. जगात ही गोष्ट दोघींनाच माहीत आहे याचा मला केवढा तोरा होता. मला काय माहीत होतं, अक्का?

त्या शेवटच्या वेळी तुम्ही याच खाटेवर होतात. मी दारासमोरच्या नळावर बादल्या भरत होते. तुमचं मन रमावं म्हणून जुनाच विषय काढला आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. तुम्ही हसला नाहीत.

"कुसुम, पहिल्या महिन्यात मी लपवलं. दुसऱ्या महिन्यात लपवायला काही न्हवतंच."

मला कळायला वेळ लागला. बादली भरून वाहायला लागली होती. "आधी नळ बंद कर," तुम्ही म्हणालात. मी केला.

"मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? आधी खोटं होतं, मग खरं झालं. मलाच भरोसा न्हवता. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

"आन् नंतर? इतकी वर्षं?"

तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "घरात समदे माझी कीव करायचे. तू एकटी हसायचीस. तुझ्यासंगं हसलं की वाटायचं, खरंच काही झालं न्हवतं."

मग तुम्ही डोळे मिटलेत. मी तिथं ओल्या हातांनी उभी राहिले. पुढचे आठ दिवस तुम्हाला औषध दिलं, भरवलं, अंग पुसलं, पण त्याबद्दल बोलले नाही. तुम्ही जाग्या असलात की मला कामं सुचायची.

आता उत्तर देते. अक्का, त्या घागरी मी उचलायला हव्या होत्या. तुम्ही हाक मारलीत तेव्हा लेकराला खाली ठेवून उठायला हवं होतं. माझ्या लेकराला काही झालं तर, असं मी तुम्हाला विचारलं होतं, आणि झालं ते तुमच्या लेकराला, माझ्यामुळं. कदाचित घागरींमुळं नसेलही. पहिल्या काही महिन्यांत असंही जातं, डॉक्टर झालेली नात मला सहज बोलता बोलता हे कधीतरी सांगून गेली आहे. पण मी ते स्वतःला सांगून बघितलं आणि काही उपयोग झाला नाही. माझा सुधाकर तुमच्या चौथ्या दिवसाच्या पाण्यावर न्हाला, हे काही कुठल्या डॉक्टरला पुसता येणार नाही. तुम्ही माझं भलं केलंत, त्याची किंमत तुम्ही मोजलीत, आणि मला कळू दिलं नाहीत. तुमच्यावर मला रागही येतो. सांगायचंच नव्हतं तर शेवटपर्यंत सांगायचं नव्हतं. तुम्ही सुटलात आणि मला त्या घरात परत कोंडून गेलात. आता अडसर काढायला कुणी नाही.

काल बाराव्याला घरी विधी झाला. सुधाकरच करत होता, तुमचा मुलगा म्हणून. गुरुजी एकेक नाव घ्यायचे आणि तो तिळाचं पाणी सोडायचा. थोरले दादा, आत्याबाई, सासरे, तुमच्या माहेरची माणसं. सगळी नावं झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "आणखी कुणी राहिलंय का? ज्यांना पाणी द्यायचं ते आत्ताच सांगा." मी भिंतीशी बसले होते. मी म्हणाले, "एक आहे." सुधाकरनं वळून बघितलं. "कोण, आई?" सगळी खोली माझ्याकडं बघत होती. नाव सांगायला नाव नव्हतं. सांगायला लागले असते तर न्हाणीतलं तांबूस पाणी, देवापुढचं निरांजन, सगळं तुमचं झाकलेलं या पाहुण्यांपुढं उघडं पडलं असतं. आणि माझंही पडलं असतं. यातलं कशाला भिऊन माझी जीभ उचलली नाही, ते मी रात्रभर स्वतःला विचारलं आहे.

"कुणी नाही," मी म्हणाले. "चालू द्या."

गुरुजींनी तांब्यात उरलेलं पाणी ताम्हनात ओतून टाकलं.